भंगारात दडलेले युद्ध

‘जालना, सोन्याचा पालना’ ही म्हण मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. हा पालना कधी काळी कापूस आणि धान्याच्या व्यापारावर झुलत होता. पुढे बियाणे उद्योगाने त्याला नवा झोका दिला. आज त्याची मुख्य दोरी पोलादाची आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या रात्रंदिवस धगधगत असतात. तेथून निघालेली सळई महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या छतांत, शाळांच्या खांबांत आणि पुलांच्या कमानींत विसावलेली आहे. घराची पायाभरणी करणाऱ्या कुटुंबाला त्या सळईचा वंश विचारण्याची गरज कधी भासत नाही.

त्या वंशाचा शोध घेतला, तर तो मोठ्या प्रमाणावर भंगारापर्यंत जाऊन पोहोचतो. मोडलेली मोटार, गंजलेला पत्रा, बंद पडलेल्या कारखान्याचे यंत्र, जुन्या जहाजाचा तुकडा आणि शेतकऱ्याचा झिजलेला फाळ हे सारे एकाच ढिगाऱ्यात येऊन पडते आणि भट्टीत उतरले की आपले पूर्वीचे नाव विसरते. ही एका अर्थाने पुनर्जन्माची प्रक्रिया आहे. टाकाऊ वस्तूला पुन्हा उपयोगी करणारा व्यवसाय समाजोपयोगीच म्हटला पाहिजे.

परंतु प्रत्येक लोखंड आपले पूर्वायुष्य विसरून भट्टीपर्यंत येत नाही. काही लोखंडाच्या पोटात अजून आग शिल्लक असते.

दहा कामगारांची सकाळ

३० सप्टेंबर २००४ रोजी दिल्लीजवळ, गाझियाबाद जिल्ह्यातील साहिबाबाद येथील एका पोलाद कारखान्यात भीषण स्फोट झाला. परदेशातून आलेल्या भंगारात जिवंत तोफगोळे होते. दहा कामगार मृत्युमुखी पडले. ते कामगार सैनिक नव्हते. ज्या युद्धात ते तोफगोळे वापरण्यासाठी बनले, त्या युद्धाशी त्यांचा काडीइतकाही संबंध नव्हता. युद्ध पश्चिम आशियात झाले आणि त्याची किंमत उत्तर प्रदेशातील रोजंदारीवरच्या माणसांनी चुकवली.

त्यानंतरच्या काही आठवड्यांत देशातील निरनिराळ्या ठिकाणी, कंटेनर डेपोंमध्ये आणि भंगाराच्या गोदामांत, तोफगोळे व अग्निबाण सापडू लागले. अनेक व्यापाऱ्यांना आपल्या आवारात काय पडून आहे याची पहिल्यांदाच जाणीव झाली. काहींनी तर घाबरून ते रस्त्याच्या कडेला वा मोकळ्या जागी नेऊन टाकले. भंगाराच्या ढिगाऱ्यातून युद्ध असे अंगणात येऊन उभे राहिले.

या घटनेनंतर केंद्र सरकारने आयातीचे नियम कडक केले. यंत्राने बारीक तुकडे न केलेले धातुभंगार सामान्यतः ठरावीक बंदरांतूनच आणता येते आणि त्यासोबत जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र लागते. त्या मालात शस्त्रे, दारूगोळा, भूसुरुंग, तोफगोळे, जिवंत वा वापरलेली काडतुसे किंवा कोणत्याही स्वरूपातील स्फोटक नाही, अशी हमी त्यात द्यावी लागते. ‘भूसुरुंग’ हा शब्द व्यापारी कागदपत्रात यावा, यातच आजच्या जगाची स्थिती पुरेशी स्पष्ट होते. जालन्यातील कारखानदाराच्या टेबलावर जो कागद येतो, त्याचा एक धागा थेट रणभूमीला बांधलेला असतो.

असईची भूमी

जालना जिल्ह्याला रणभूमी अपरिचित नाही. जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या नद्यांच्या संगमाजवळ असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली याच्या नेतृत्वाखालील इंग्रज सैन्य यांच्यात घनघोर लढाई झाली. शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूचा विजेता ठरला.

त्या काळी तोफेतून सुटणारा गोळा बहुधा भरीव लोखंडाचा असे. तो आपल्या वेगाने आणि वजनाने संहार करी. पण एकदा जमिनीवर पडला की त्याचे काम संपत असे. नांगराच्या फाळाला असा गोळा लागला, तर शेतकऱ्याचा फाळ बोथट होई, याहून अधिक काही नाही. तेव्हाही दारू भरलेले पोकळ गोळे होतेच. परंतु युद्ध आणि शांतता यांच्यामधील सीमारेषा तुलनेने स्पष्ट होती. फौजा निघून गेल्या की शेत पुन्हा शेत होत असे.

विसाव्या शतकाने ही सीमारेषा पुसून टाकली. आधुनिक तोफगोळा, बॉम्ब किंवा भूसुरुंग यांच्यासाठी तह, शस्त्रसंधी, विजय वा पराभव यांना काहीच अर्थ नसतो. न फुटलेला गोळा दहा वर्षांनी फुटू शकतो, पन्नास वर्षांनी फुटू शकतो. बेल्जियम व फ्रान्समधील शेतकऱ्यांच्या नांगराला पहिल्या महायुद्धातील दारूगोळा शंभर वर्षांनंतरही दर हंगामात लागतो. या विचित्र सुगीला तेथे ‘लोखंडाचे पीक’ असे नावच पडले आहे.

न फुटलेला गोळा फुटतो कसा

सामान्य माणसाची समजूत अशी असते की, जो गोळा पडल्यावर फुटला नाही तो ‘फुसका’ निघाला. ही समजूतच सर्वांत घातक आहे. तोफगोळ्याच्या टोकाला किंवा बुडाला फ्यूज असतो. गोळा तोफेत असेपर्यंत तो सुरक्षित अवस्थेत राहतो. गोळा सुटताना बसणाऱ्या प्रचंड धक्क्याने आणि फिरण्याच्या वेगाने फ्यूजमधील अडसर बाजूला होतात व तो स्फोटासाठी सज्ज होतो. मग लक्ष्यावर आदळताच आतील सुई एका संवेदनशील स्फोटकावर आपटते आणि मुख्य स्फोट घडतो.

काही वेळा गोळा मऊ मातीत, चिखलात किंवा तिरकस कोनात पडतो. सुई अर्ध्यावरच अडकते. अशा वेळी गोळा निकामी झालेला नसतो. सज्ज अवस्थेत, केसाच्या अंतरावर त्याचे काम थांबलेले असते. हातोड्याचा एक ठोका, करवतीची उष्णता, गॅस कटरची ज्योत किंवा नुसते उचलून आपटणे एवढे कारण त्याला पुरते. बाहेरून गंजलेला दिसला म्हणून आतील स्फोटक गंजते असे नाही. टीएनटीसारखे स्फोटक अनेक दशके आपली शक्ती टिकवून ठेवते. काही जुन्या स्फोटकांचा तर धातूशी संयोग होऊन अधिकच संवेदनशील क्षार तयार होतात. म्हणजे वय वाढेल तसा धोका कमी होतो, हा लौकिक नियम येथे लागू पडत नाही.

भूसुरुंगाची रीत याहून क्रूर आहे. तोफगोळा शत्रूवर सोडला जातो. भूसुरुंग वाट पाहत बसतो. पायदळाविरुद्धच्या काही सुरुंगांत तीस ग्रॅमच्या आसपास स्फोटक असते. तेवढ्याने माणूस मरेलच असे नाही, पण त्याचा पाय जातो. त्यामागील हिशेब थंड डोक्याने केलेला असतो, कारण जखमी सैनिकाला उचलून नेण्यासाठी आणखी माणसे गुंततात. हा हिशेब करणाऱ्यांनी एक गोष्ट धरलीच नाही. सुरुंगाला पाऊल ओळखता येत नाही. सैनिकाचे बूट, गुराख्याचे अनवाणी पाय आणि पाणी आणायला निघालेल्या मुलीचे पाऊल त्याला सारखेच.

आकड्यांतील माणसे

‘लँडमाइन मॉनिटर’ या आंतरराष्ट्रीय वार्षिक अहवालानुसार २०२३ या एका वर्षात भूसुरुंग व युद्धातील स्फोटक अवशेषांमुळे जगभर किमान ५,७५७ व्यक्ती मृत वा जखमी झाल्या. ज्यांची ओळख नोंदली गेली, त्यांपैकी ८४ टक्के सामान्य नागरिक होते. आणि त्या नागरिकांत ३७ टक्के मुले होती. मुलांचे प्रमाण एवढे का, याचे उत्तर हृदय विदीर्ण करणारे आहे. मूल कुतूहलाने जगते. सापडलेली अनोळखी, चकचकीत किंवा विचित्र आकाराची वस्तू त्याला खेळणे वाटते. अफगाणिस्तानात विमानातून टाकलेले, फुलपाखराच्या पंखांसारखे दिसणारे छोटे सुरुंग कित्येक मुलांनी असेच उचलले.

एक सुरुंग बनवण्यास तीन ते तीस डॉलर खर्च येतो. तो शोधून काढण्यास तीनशे ते हजार डॉलर लागतात, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. पेरणी स्वस्त आणि उपटणी महाग, असे हे एकमेव पीक असावे.

या विरुद्ध जगभरातील संघटना एकत्र आल्या. ‘भूसुरुंगबंदीसाठी आंतरराष्ट्रीय मोहीम’ आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना १९९७ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कॅनडातील ओटावा येथे पायदळाविरुद्धच्या सुरुंगांवर संपूर्ण बंदी घालणाऱ्या करारावर स्वाक्षऱ्या झाल्या आणि १ मार्च १९९९ पासून तो अमलात आला. दीडशेहून अधिक राष्ट्रांनी तो स्वीकारला. भारत, चीन, पाकिस्तान, रशिया व अमेरिका मात्र त्यापासून दूर राहिले. लांबलचक सीमांच्या संरक्षणाचे कारण भारताने दिले आहे. तथापि सुरुंगांच्या वापरावर मर्यादा घालणारा आणि युद्धोत्तर स्फोटक अवशेषांसंबंधीचा असे दोन वेगळे आंतरराष्ट्रीय मसुदे भारताने मान्य केले आहेत. २०२५ मध्ये युरोपातील काही देशांनी रशियाच्या भयाने ओटावा करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. मानवतेने पुढे टाकलेले पाऊल भय किती सहज मागे खेचते, याचे हे ताजे उदाहरण आहे.

भारतातही या प्रश्नाची झळ सीमेवरील गावांना बसते. संसदेवरील हल्ल्यानंतर २००१ च्या डिसेंबरपासून सीमेवर मोठ्या प्रमाणावर सुरुंग पेरले गेले. पंजाब, राजस्थान व जम्मूमधील कित्येक शेतकऱ्यांनी त्यात आपले अवयव आणि काहींनी प्राण गमावले. १९९९ च्या कारगिल युद्धातील एक गोळा एप्रिल २०२३ मध्ये कुरबाथांग येथील फुटबॉल मैदानाजवळ फुटला आणि एका कोवळ्या मुलाचा जीव घेऊन गेला. ते मूल जन्मले तेव्हा युद्ध संपून बरीच वर्षे झाली होती.

महाराष्ट्राच्या मातीतील स्फोट

सीमा दूर आहे, म्हणून धोका दूर आहे असे महाराष्ट्राला म्हणता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि त्याच्या सोबतीला कापसाच्या गाठी होत्या. शेकडो लोक मृत्युमुखी पडले; ६६ अग्निशामक जवानांनी कर्तव्य बजावताना प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थच १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथील एका शेडला आग लागली आणि दोन लष्करी अधिकाऱ्यांसह अनेकांचा मृत्यू झाला. त्या शेडमध्ये रणगाडाविरोधी भूसुरुंगांचा साठा होता आणि सदोष सुरुंगांतून टीएनटी पाझरत असल्याची बाब पुढे समोर आली. जो सुरुंग कधी जमिनीत पुरलाच गेला नाही, त्यानेही माणसे मारली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात, सोनेगाव आबाजी येथे, मुदत संपलेली स्फोटके नष्ट करताना स्फोट होऊन सहा जण दगावले. मृतांत जवळच्या गावांतील रोजंदारी मजूर होते. खड्डे खणणे, पेट्या उतरवणे ही कामे ते करीत होते.

गडचिरोलीत माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगांचा इतिहास तर रक्ताने लिहिलेला आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेडा येथे सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले. गणवेशातील पंधरा जणांसोबत गेलेला तो सोळावा माणूस केवळ गाडी चालवत होता.

आणि जालन्यापासून फार दूर नसलेल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात के. के. रेंज हे लष्कराचे सराव क्षेत्र आहे. ‘के. के.’ ही अक्षरे खारे कर्जुने या गावाच्या नावावरून आली. रणगाड्यांतून येथे सराव चालतो. सुटलेला प्रत्येक गोळा फुटतोच असे नाही. सराव क्षेत्रात जाण्यास मनाई असते, फलक लावलेले असतात, सूचना दिलेल्या असतात. तरीही आजूबाजूच्या गावांतील काही माणसे तेथे जातात, गोळ्यांचे तुकडे वेचतात, आणि एखादे दिवशी न फुटलेला गोळा घरी आणून फोडू पाहतात. अशा स्फोटांत खारे कर्जुने परिसराने आपली माणसे गमावली आहेत.

मोलाची साखळी

ती माणसे तेथे का जातात? हा प्रश्न विचारला की बहुधा ‘अज्ञान’ हे उत्तर मिळते. ते अर्धसत्य आहे. गोळा धोकादायक असतो, हे त्या गावातील लहान मुलालाही ठाऊक असते. त्यांना तेथे खेचते ते त्या धातूचे मोल. तोफगोळ्याभोवती तांब्याची पट्टी असते, काडतुसाची पुंगळी पितळेची असते, फ्यूजमध्ये ॲल्युमिनियम असते. कोरडवाहू शेतीत महिनाभर राबून जे हाती येत नाही, ते एका दिवसाच्या वेचणीत मिळण्याची आशा असते. पावसाने पाठ फिरवलेल्या वर्षी ही आशा भीतीहून मोठी होते.

हीच कथा लाओस या देशात फार मोठ्या प्रमाणावर घडली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने तेथे २७ कोटींहून अधिक छोटे गुच्छबॉम्ब टाकले. त्यांतील सुमारे ३० टक्के फुटलेच नाहीत, असे मानले जाते. युद्ध संपल्यानंतर तेथील गरीब शेतकरी लोखंड शोधण्यासाठी जमीन उकरू लागले आणि भंगार वेचणे हे अपघातांचे एक प्रमुख कारण ठरले.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. वेचणारा माणूस तो धातू खाणार नाही, घरात मांडून ठेवणार नाही. तो धातू कोणीतरी विकत घेतो. गावातला फेरीवाला घेतो, त्याच्याकडून तालुक्याचा भंगारवाला घेतो, त्याच्याकडून मोठा व्यापारी घेतो आणि शेवटी तो भट्टीच्या दारात येतो. प्रत्येक टप्प्यावर वजनकाटा असतो आणि प्रत्येक टप्प्यावर न विचारलेला एक प्रश्न असतो: हा माल आला कोठून? सरकारी नियम बंदरावर तपासणी करू शकतात. परंतु हातगाडीवरून येणाऱ्या देशी भंगाराला कोणतेही प्रमाणपत्र नसते. तेथे तपासणी करणारा एकच अधिकारी असतो, तो म्हणजे विकत घेणाऱ्याचा विवेक.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण व्रताला स्थान आहे. हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे आणि प्रमादाने वागणे, या दोन्ही गोष्टी त्यात एकाच पंक्तीत बसवल्या आहेत. हा विचार भंगाराच्या आवारात नेऊन ठेवला, तर त्याचा अर्थ अत्यंत व्यावहारिक होतो. तोफगोळ्याचा तुकडा किलोच्या भावाने विकत घेणाऱ्याने कोणावर हात उगारलेला नसतो. पण त्याने दिलेला तो भाव दुसऱ्या दिवशी पुन्हा एका माणसाला सराव क्षेत्राच्या कुंपणापलीकडे पाठवतो. ज्या दिवशी काट्यावर ‘हा माल घेत नाही’ असे उत्तर मिळेल, त्या दिवशी वेचणाऱ्याची पावले आपोआप मागे फिरतील. कायद्याचा फलक जे करू शकला नाही, ते खरेदीदाराचा नकार करू शकतो.

भट्टीच्या तोंडाशी

साखळीचे दुसरे टोक म्हणजे भट्टीवरचा कामगार. जालन्याच्या कारखान्यांत स्थानिक कामगारांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड अशा दूरच्या प्रांतांतून आलेले तरुण काम करतात. इंडक्शन भट्टीत सोळाशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोलाद वितळते. त्या रसात भंगार सोडताना एखादा बंद नळकांड्यासारखा तुकडा गेला, तर तो तोफगोळा असण्याचीही गरज नाही. रिकामा समजलेला गॅस सिलिंडर, वाहनाचा शॉक ॲब्सॉर्बर, दोन्ही टोके दाबून बंद झालेला नळ एवढेही पुरे. आत अडकलेल्या थोड्याशा पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सोळाशे पटींहून अधिक वाढते. बंद वस्तू फुटते आणि वितळलेला रस कारंज्यासारखा उसळून माणसांच्या अंगावर येतो. अशा बंद वस्तूच्या पोटात पाण्याऐवजी स्फोटक असले, तर काय होईल हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

म्हणून निवड हीच खरी सुरक्षा आहे. ढिगाऱ्यातून माल भट्टीकडे जाण्यापूर्वी प्रशिक्षित डोळ्यांनी तो पाहणे, बंद आणि पोकळ वस्तू बाजूला काढणे, संशयास्पद वस्तूला गॅस कटर न लावणे, या गोष्टींना वेळ लागतो आणि वेळ म्हणजे खर्च. निवडीसाठी दोन माणसे अधिक ठेवायची की नाहीत, हा हिशेब वहीत अगदी किरकोळ दिसतो. ज्याचा मुलगा सणाला गावी परतणार असतो, त्या घराच्या दृष्टीने मात्र तोच सर्वांत मोठा हिशेब असतो. कामगाराला इजा झाल्यास भरपाई देण्याचा कायदा १९२३ मध्येच झाला. परंतु भरपाईचा धनादेश हात परत आणत नाही.

गेलेले पाऊल परत देणारे

ज्यांचे पाय गेले, त्यांच्यासाठी भारताने जगाला दिलेली एक देणगी येथे आठवली पाहिजे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडवला. परदेशी कृत्रिम पायाला बूट घालावा लागे आणि त्यावर मांडी घालता येत नसे. भारतीय माणूस जमिनीवर बसतो, अनवाणी चालतो, शेतात चिखलात उतरतो, झाडावर चढतो. रबर आणि लाकडाचा हा पाय या जगण्याला जुळणारा होता. शर्मा यांचे औपचारिक शिक्षण अल्प होते. परंतु हातातील कसब आणि डॉक्टरांचे शास्त्र एकत्र आले आणि दोघांपैकी एकट्याला जे साधले नसते ते साधले. डॉ. सेठी यांना १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हा पाय गरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचावा, म्हणून १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. अफगाणिस्तानसह सुरुंगांनी पोळलेल्या अनेक देशांत या समितीने शिबिरे घेतली. ज्या मातीने पाय हिरावून घेतला, त्याच मातीवर पुन्हा उभे राहणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावरचे समाधान, हे या कार्याचे खरे मानपत्र होय. तरीही एक सत्य नजरेआड करता येत नाही. कृत्रिम पाय कितीही उत्तम असला, तरी तो दुसरा पाय असतो. पहिला वाचवणे हेच अधिक श्रेयस्कर.

प्रत्येकाच्या हाती असलेले

संयुक्त राष्ट्रसंघाने ४ एप्रिल हा दिवस भूसुरुंगविषयक जागृतीसाठी निश्चित केला आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात ही जागृती घरापासून, दुकानापासून आणि कारखान्याच्या फाटकापासून सुरू होऊ शकते. त्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानी ठेवल्या तरी पुरे.

शेतात, विहिरीच्या गाळात, पडक्या वाड्यात, नदीपात्रात किंवा भंगाराच्या ढिगात तोफगोळा, हातबॉम्ब, काडतूस अथवा अनोळखी बंद धातूची वस्तू दिसली, तर तिला हात लावू नये. ती उचलू नये, हलवू नये, पाण्यात टाकू नये, जमिनीत पुरू नये. पोलिसांना दाखवण्यासाठी ती ठाण्यात घेऊन जाण्याचा उत्साह तर कदापि करू नये.

ज्या वाटेने तेथवर गेलो, त्याच वाटेने मागे यावे. दुरूनच दिसेल अशी खूण करावी, मुलांना व गुरांना दूर ठेवावे आणि सुरक्षित अंतरावर आल्यानंतर ११२ या क्रमांकावर कळवावे. अशा वस्तू हाताळण्यासाठी पोलिसांचे बॉम्बशोधक व नाशक पथक असते. ते त्यांचे काम आहे, धाडसी शेजाऱ्याचे नव्हे.

मुलांना भीती न घालता समजावून सांगावे. ‘सापडलेली अनोळखी वस्तू उचलायची नाही, मोठ्यांना सांगायचे’ एवढे एक वाक्य शाळेत आणि घरी वारंवार उच्चारले, तरी ते संस्कार होऊन जाते. साप दिसला तर काय करायचे, हे खेड्यातील मुलाला शिकवावे लागत नाही; ते त्याने मोठ्यांच्या वागण्यातून उचललेले असते. हेही तसेच व्हावे.

भंगाराच्या व्यवसायात असणाऱ्यांनी निवड करणाऱ्या कामगारांना तोफगोळे, फ्यूज, काडतुसे यांची चित्रे दाखवून ओळख करून द्यावी. संशयास्पद वस्तू सापडल्यावर काम थांबवणाऱ्या कामगाराची मजुरी कापली जाणार नाही, उलट त्याचे कौतुक होईल, असा विश्वास त्याला मिळाला पाहिजे. कारण भीती स्फोटाची नसून मुकादमाची असेल, तर कामगार ती वस्तू निमूटपणे ढिगात परत ढकलतो.

असईच्या रणभूमीवर आज शेते डुलतात. त्या मातीने दोनशे वर्षांत युद्ध पचवून टाकले, कारण त्या युद्धाचे लोखंड बहुतांशी मुके होते. आजच्या युद्धाचे लोखंड मुके नाही, आणि ते आपणहून जालन्याच्या वेशीपर्यंत चालत येण्याची शक्यता नाकारता येत नाही. वेशीवर त्याला ओळखणारे डोळे हवेत.

जिल्ह्यातील भंगाराच्या दुकानांच्या पाट्यांवर लोखंड, पितळ, तांबे यांचे भाव रोज नव्याने लिहिले जातात. त्याच पाटीच्या तळाशी, पुसली जाणार नाही अशा रंगाने, आणखी एक ओळ लिहिता येईल: ‘तोफगोळे, काडतुसे व अनोळखी बंद वस्तू येथे कोणत्याही भावाने घेतल्या जात नाहीत.’ त्या ओळीला खर्च मूठभर रंगाचा. तिच्यामुळे कोण वाचले, हे दुकानदाराला कधीच कळणार नाही. कुंपणाच्या अलीकडूनच घरी परतलेल्या त्या माणसालाही ते कळणार नाही. पण संध्याकाळी त्याची मुले त्याच्याजवळ बसून जेवतील.